दिल्लीला पाठवलेलं गाणं

नवरा गेला त्याला पाच महिने होत आले होते तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं की यंदा पंधरा ऑगस्टला राष्ट्रगीताचा इतिहास तुम्ही सांगा. दहा मिनिटं. त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी त्या शाळेत पस्तीस वर्षं काढलेली, पुढच्या मे महिन्यात रिटायर होणार होते. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "तुमचं मनही जरा गुंतेल त्यात."

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. बँकेतला माणूस म्हणाला इथे सही करा, मी केली. नणंद म्हणाली त्यांचे शर्ट मी घेऊन जाते, वापरणारं कोणी आहे, मी पिशवी काढून दिली. सोसायटीतल्या एक बाई रोज जिन्यात भेटून सांगायच्या, रडून घ्या हो, आत ठेवू नका. आत काही असतं तर काढलं असतं. आंघोळ करताना साबण लावून झाला की लावायचा आहे हेही मला आठवायचं नाही, मग मी परत लावायचे. एवढंच. बाकी वर्गात हजेरी वेळेवर, पेपर वेळेवर, मालाडहून बोरिवलीची बस वेळेवर.

इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे भाषणाची तयारी अशी काही नव्हतीच. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाला झेंडा होता पण ठरलेलं राष्ट्रगीत नव्हतं, हे मी सातवीला दर वर्षी सांगत आले. दोन गाणी होती. एक, ज्याचे पहिले दोन शब्द घोषणा म्हणून ओठांवर ठेवून माणसं तुरुंगात गेली. दुसरं, जे आज आपण उभे राहून म्हणतो. अमेरिकेत एका समारंभात आपल्या लोकांकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं आणि त्यांनी हाताशी होती ती तबकडी तिथल्या वाद्यवृंदाला दिली. मग चर्चा झाली. बँडवर कुठलं वाजेल, परक्या देशातल्या वादकांना कुठलं पटकन बसवता येईल, कुणाला कुठल्या शब्दांबद्दल काय वाटतं. शेवटी प्रजासत्ताक व्हायच्या दोन दिवस आधी संविधान सभेत अध्यक्षांनी निवेदन करून टाकलं. मतदान झालं नाही. दोन्ही गाण्यांना सारखा मान, राष्ट्रगीत मात्र एक. हे सगळं मी एका फुलस्केपवर लिहून काढलं, आणि रविवारी आईकडे जाताना तो कागद पर्समध्ये टाकला.

आई राहते मार्वे रस्त्याच्या टोकाला, खाडीलगतच्या आमच्या कोळीवाड्यात. तेव्हा तिला पंच्याऐंशी सरलेली. चाळीस वर्षं तिने मालाडच्या बाजारात मासळी विकली. माझे वडील गेले तेव्हा तेराव्या दिवशी ती टोपली घेऊन बाजारात बसली होती, हे ती अभिमानाने नाही, नुसतं सांगायची. गुडघे गेल्यापासून ती घराच्या ओटीवर खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारते.

त्या रविवारी तिने मला बोंबलाचं कालवण आणि भात वाढला. मी जेवले. ताट धुवायला उठले तेव्हा ती म्हणाली, "कालवणात मीठ नव्हतं घातलेलं."

"मग सांगायचंस ना."

"मुद्दाम नव्हतं घातलं. तुना कलतं का ते बघत व्हते."

मी ताट धुतलं. मग वेळ जावा म्हणून मी तो फुलस्केप काढला आणि तिला वाचून दाखवायला लागले. म्हटलं, दहा मिनिटांत बसतंय का बघू. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "म्हणजे तू शाळेत गेलीस तेव्हा पहिली दोनेक वर्षं तुम्हाला राष्ट्रगीतच नसणार."

"व्हतं की," ती म्हणाली. "पन ह्ये नव्हतं. दुसरं व्हतं. आमच्या गुरुजीनं केलेलं."

मला वाटलं ती कुठल्या तरी प्रार्थनेबद्दल बोलतेय. म्हाताऱ्या माणसांची गल्लत होते. मी विचारलं, कुठलं गाणं, तर तिने सरळ म्हणायलाच सुरुवात केली, खुर्चीत बसल्या बसल्या, हात गुडघ्यांवर ठेवून:

दिस उगवला, वल्हं उचला, आपुला झाला किनारा,
डोंगर आपुले, शेतं आपुली, आपुला झाला वारा.

ते गाणं मला पाठ होतं. मी लहान असताना ती मला मांडीवर घेऊन तेच म्हणायची, आणि नंतर माझ्या मुलीलाही तिने त्याच्यावरच झोपवलं होतं. आमच्याकडे नाखव्यांची, होड्यांची शंभर गाणी आहेत, त्यातलंच एक असेल असं मी सत्तावन्न वर्षं धरून चालले होते.

"हे तुमचं राष्ट्रगीत?"

"गुरुजी बोलले, देसाला गानं पायजे हाय, सरकार शोधतंय. मी एक केलंय, दिल्लीला धाडलंय. जवर सरकारचं उत्तर येत नाय तवर आपन ह्येच बोलायचं. उभं ऱ्हावून. सरल."

मग तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. गुरुजी मालवणकडचे. लोकल बोर्डाच्या शाळेत त्यांची बदली इथे झाली तेव्हा कोळीवाड्यात यायला धड रस्ताही नव्हता. शाळा म्हणजे एकच खोली, चार इयत्ता, दोन बाजूंना तोंड करून बसलेल्या. गुरुजी एकटेच. मासे खाणारे होते म्हणून गावाला आवडले. लग्न नंतर झालं त्यांचं. सकाळी ते पोरांना खोलीबाहेर रांगेत उभं करायचे, लाकडी पट्टीने दरवाज्याच्या चौकटीवर ताल धरायचे आणि गाणं घ्यायचे. समुद्रावरून परतणारे लोक खांद्यावर जाळी घेऊन तसेच थांबायचे, कारण पोरं सांगायची, देशाचं गाणं चाललंय, हलायचं नाही. गाण्याला तीन कडवी होती. दुसऱ्यात नद्या. तिसऱ्यात सगळे प्रांत, आणि ते म्हणताना पोरांच्या जिभा वळायच्या नाहीत.

"तिसरं मना येत नाय," आई म्हणाली. "त्ये शिकवलं तवा मना गोवर आलेला. नि रोजच्याला पयली दोनच बोलायचो."

मी शाळेत जाऊन भाषणात एक ओळ घालू शकले असते आणि तिथेच सोडू शकले असते. मी पुढे का गेले ते मला नीट सांगता येत नाही. उत्साह म्हणून नाही. रविवार मोकळा होता आणि घरी जाऊन करायला काही नव्हतं.

आईच्या वर्गातला एकच माणूस आता उरला होता, चार घरं सोडून राहणारा. आयुष्यभर तो मासेमारीला गेला, आता जाळी दुरुस्त करत बसतो आणि त्याला ऐकू येत नाही. आईने त्याच्या कानात ओरडून ओरडून विचारलं, गुरुजींचं तिसरं कडवं. त्याने मान हलवली. शब्द नव्हते त्याच्याकडे. पण त्याने जाळं विणायची सुई उलटी धरली आणि ओटीच्या लादीवर ताल वाजवून दाखवला, एक मोठा ठोका, तीन बारीक, आणि आई त्या तालावर पहिलं कडवं म्हणाली. मग त्याच्या सुनेने आतून एक जुनं कॅलेंडर आणलं. त्याच्यामागे गुरुजींच्या मुलाचा फोन नंबर होता. तो पूर्वी दर वर्षी देवीच्या जत्रेला यायचा, म्हणाली, आता दहा वर्षांत आला नाही. मुलुंडला असतो.

फोन लागला. मी ओळख सांगितली. पलीकडचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा, सावध. तो म्हणाला, "या ना. मी कुठे जाणार. घरीच असतो."

पुढच्या रविवारी मी गोरेगावहून बस धरली. पवईचा तलाव गेला, कांजूरमार्गला कचऱ्याचा वास आला तशा बसमधल्या सगळ्या बायकांनी पदर-ओढण्या नाकाला लावल्या. मी लावली नाही. नाकाचंही तसंच झालं होतं माझं.

गुरुजींचा मुलगा पंचाहत्तरीच्या आसपासचा, कुठल्याशा कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्यांची जुनी तीन मजली बिल्डिंग पाडून टॉवर झालेला, सोळाव्या मजल्यावर घर. बायकोने सरबत आणलं. ते गृहस्थ टीपॉयवर एक प्लास्टिकची फाईल घेऊन तयारच बसले होते.

"बाबांनी दिल्लीला काहीतरी पाठवलं होतं, एवढं माहीत होतं," ते म्हणाले. "आई त्यांना चिडली की 'दिल्लीवाले' म्हणायची. पण काय पाठवलं ते कधी कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला वाटायचं बदलीचा अर्ज वगैरे."

फाईलमध्ये पोस्टाची एक पोच होती, रजिस्टर पत्राची. कडा तपकिरी झालेल्या. गोल शिक्का, त्यात दिल्ली एवढं वाचता येत होतं. खाली कुणाची तरी सही, जी नुसती एक वळवळती रेघ होती.

"उत्तर?"

"उत्तर काय आलं नाय. आलं असतं तर हे जपलं तसं ते पण जपलं असतं त्यांनी."

"आणि गाणं? वही, कागद?"

त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले. मग म्हणाले, "बाबांना गाणं म्हणताना मी कधी ऐकलेलंच नाही. घरात रेडिओसुद्धा बारीक आवाजात. तुम्ही म्हणता ते गाणी करायचे, पोरांकडून म्हणून घ्यायचे, तर मला ते दुसऱ्याच माणसाबद्दल ऐकल्यासारखं वाटतंय."

त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमका येता काय तां गाणां?"

मला येत होतं. पण मला म्हणवेना. मी म्हटलं, माझी आई म्हणेल. तिचाच हक्क आहे. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल करू.

तसा केला. आईने त्या दिवशी नवी साडी नेसली, कानातलं घातलं, आणि फोन मी हातात धरलेला असताना त्याच्याकडे न बघता समोर खाडीकडे बघत दोन कडवी म्हटली. आवाज चिरका झालाय तिचा, मध्ये दम लागतो. दुसऱ्या कडव्यात एका नदीचं नाव ती चुकली, थांबली, मागे गेली आणि बरोबर केलं. स्क्रीनवर गुरुजींचा मुलगा आणि त्याची बायको सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते, फोटोला बसल्यासारखे. गाणं संपल्यावरही दोघं तसेच बसून होते. मला वाटलं नेट गेलं.

मग ते म्हणाले, "परत एकदा म्हणाल का?"

आईने परत म्हटलं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या-चौथ्या ओळीला ते उभे राहिले. बायको त्यांच्याकडे बघायला लागली, मग तीही उठली. आता स्क्रीनवर त्यांची फक्त पोटं दिसत होती. आई बघतच नव्हती, त्यामुळे तिला हे कळलंच नाही, मी नंतर सांगितलं. संपल्यावर ते खाली बसले, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बरं. थँक यू. माझी गोळ्यांची वेळ झाली." फोन बंद झाला.

पंधरा ऑगस्टला शाळेचं मैदान ओलं होतं, ताडपत्री अंथरलेली. मी आईला रिक्षाने घेऊन गेले होते. मुख्याध्यापिका बाईंनी तिला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं. आई काठी धरून उभी राहिली, सगळे शब्द नीट म्हटले तिने. मग माझं भाषण. कागदाप्रमाणे मी सगळं सांगितलं, दोन गाणी, तबकडी, संविधान सभा. शेवटी कागदावर नसलेलं सांगितलं, की त्या वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यात साध्या माणसांनीही आपापली गाणी केली असतील. आमच्या कोळीवाड्यातल्या एका मास्तरांनी केलं होतं, दिल्लीला पाठवलं होतं, मुलं ते दोन वर्षं रोज उभं राहून म्हणत होती. मग राष्ट्रगीत ठरलं आणि ते गाणं बंद झालं. एवढंच. टाळ्या पडल्या, दर वर्षी पडतात तेवढ्याच. मुलांचं लक्ष खाऊच्या पुड्यांकडे होतं.

पुडे वाटून झाल्यावर सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. कधी फारशी बोलणारी नाही. म्हणाली, "बाई, मग त्या गुरुजींना राग आला का?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं."

पस्तीस वर्षांत मी कितीदा तरी 'माहीत नाही' म्हटलं असेल, पण ते मला दिवसभर टोचत राहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी टोचत होतं. रिक्षात मी आईला विचारलं. रिक्षा मार्वे रस्त्याला लागली होती, ट्रॅफिक तुंबलेलं, रिक्षावाल्याने आरशाला कागदी झेंडा लावलेला.

"राग?" आई म्हणाली. "नाय बाय. राग कसला. त्या दिवशी गुरुजी दाढी करून आले. कोट घातलेला, धुतलेला. आमाला रांगंत उभं केलं नि बोलले, आता सरकारनं गानं ठरवलं. उद्यापासून त्ये शिकायचं. मी इचारलं, गुरुजी, मंग आपलं गानं? तर बोलले, त्ये आपलंच हाय, कुठं जात नाय. पन उभं ऱ्हायचं त्ये ह्या गान्याला."

"आणि मग?"

"मंग गुरुजीच पयलं शिकले. बंदरावर कोनाकडं तरी रेडू व्हता, थितं जाऊन ऐकून यायचे, कागदावर लिवून आनायचे. आमाला येक येक शब्द फोडून सांगितला. नकाशा टांगून. ह्यो प्रांत हितं, ही नदी थितं. बोलले, चुकीचं बोललात तर देसाचा अपमान. आज मना सगलं नीट येतं ना, त्येंनी शिकवलं म्हनून."

रिक्षा थोडी पुढे सरकली.

"गान्याचे कागद व्हते त्यांच्याकडं, पाच-सा. येका बाजूनं कोरे. त्ये आमाला गनितं करायला दिले. तवा कागद मिलायचा नाय. माज्या कागदाच्या मागं पयलं कडवं व्हतं. म्हनून तर मना पाठ हाय. बेरजा चुकायच्या माज्या, मी मागं पलटून गानं वाचत बसायची."

मी विचारलं, त्यांनी पाहिलं नाही का. ती म्हणाली, "पाहिलं असंल. बोलले नाय." मग जरा वेळाने, "पन ज्या दिवशी गानं बंद केलं ना, त्या दिवशी दुपारी त्येंनी आमाला काय शिकवलंच नाय. खिडकीकडं तोंड करून बसले. पोरांनी दंगा केला, पट्टी उचलली नाय. आमी घाबरलो. दुसऱ्या दिवशी पाढे घेतले."

मी बाहेर बघत होते. आईने माझा हात घेतला. तिचा हात अजूनही खरखरीत आहे, मासे कापून कापून एका बोटाला वाक आलेला.

"तू पाच महिनं बसलीस," ती म्हणाली. "बस अजून. मी काय बोलत नाय."

तिचं एवढं बोलणं ऐकून माझं सगळं सुटलं, असं काही झालं नाही. घरी जाऊन मी तिला चहा करून दिला, गोळ्या दिल्या, शेवटची बस पकडून माझ्या घरी आले. पण त्या आठवड्यात बसमध्ये एका माणसाच्या अंगाला नवऱ्याच्या तेलाचा वास आला आणि मला चार स्टॉप आधी उतरावं लागलं. फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसले. किती वेळ ते आठवत नाही. शाळेला उशीर झाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मस्टरवर माझ्या नावापुढे लाल खूण पडली.

तिसरं कडवं मिळालं नाही. मी आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं. एका वाचनालयात त्या काळातली जुनी साप्ताहिकं चाळली, की गुरुजींनी कुठे छापायला दिलं असेल. नव्हतं दिलेलं. तिसऱ्या कडव्यात प्रांतांची नावं होती एवढंच आईला माहीत. कुठले प्रांत, कुठल्या क्रमाने, ते त्या खोलीतल्या पोरांबरोबर गेलं. दोन कडवी मी वहीत लिहून ठेवली आहेत, नद्या आईने सांगितल्या त्या क्रमाने.

डिसेंबरात गुरुजींचा मुलगा आणि त्याची बायको कोळीवाड्यात आले. आईने त्यांना जेवायला बसवलं, चिंबोऱ्या केल्या होत्या. चार घरं पलीकडच्या म्हाताऱ्यालाही बोलावलं. तो आला, पाहुण्यांकडे बघून हसला आणि काही ऐकू येत नसल्यामुळे सगळ्याला हो म्हणाला. गाण्याचा विषय कोणीच काढला नाही. जेवणानंतर पाहुण्यांना शाळा बघायची होती. शाळा आता पुढच्या गल्लीत, दुमजली. जुन्या खोलीचं फक्त जोतं राहिलंय आणि त्यावर आमच्या शेजारणी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालतात. ते गृहस्थ चप्पल काढून जोत्याच्या कडेवर उभे राहिले. जिथे दरवाजा असावा असं त्यांना वाटलं तिथे थोडा वेळ थांबले. बायको म्हणाली, "चला, बस चुकात."

मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा आई काठी टेकत जोत्यापर्यंत पोचली होती. जवळा घातलेली शेजारीण कुठे तरी गेली होती, ऊन कलायला लागलं होतं आणि जवळा खालून अजून ओलाच होता. आई म्हणाली, खराटा घे. मी घेतला, आणि आम्ही दोघींनी तो जवळा वर-खाली केला, मी खराट्याने आणि ती काठीने.